पेशीच्या पोटात : डॉ. कमला सोहोनी

डॉ. कमला सोहोनी यांचे माहेरचे आडनाव भागवत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुरुवातीस इंदूर येथे त्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगलोर येथे जमशेटजी टाटांच्या देणगीतून जी विज्ञान संस्था उभी राहिली, तिच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी ते दोघे. त्यांची थोरली बहीण म्हणजे मराठीतील नामवंत लेखिका दुर्गा भागवत. १९७५ साली कराडला मराठी साहित्य संमेलन भरले होते. त्याच्या अध्यक्षा दुर्गाबाई होत्या. कराड आपल्या कोल्हापूरपासून काही फार दूर नाही. एक बहीण शब्दांत रमली, दुसरी काचनळ्यांत.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे विषय घेऊन पहिल्या आल्या. वडील आणि चुलते जिथे शिकले, त्याच बंगलोरच्या संस्थेत आपणही संशोधन करावे अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी अर्ज पाठवला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि सारा देश त्यांचे नाव अभिमानाने घेत होता. रामन यांनी अर्ज नामंजूर केला. गुण कमी होते म्हणून नव्हे, तर अर्जदार मुलगी होती म्हणून.

कमलाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्या बंगलोरला गेल्या आणि रामन यांना भेटून नकाराचे कारण विचारू लागल्या. त्या काळात देशभर गांधीजींच्या सत्याग्रहाचे वारे होते. कमलाबाईंनीही रामन यांच्या कचेरीसमोर सत्याग्रह करण्याचा निश्चय केला. शेवटी त्यांना प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, मग ती रात्र का असेना, त्यांनी काम करायचे होते. आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये, अशीही एक अट होती.

मुलांनो, या अटी पुन्हा एकदा वाचा. परीक्षेत पहिल्या आलेल्या विद्यार्थिनीला वर्षभर आपण येथे राहण्यास योग्य आहोत की नाही याची कसोटी द्यायची होती. तिच्याबरोबरच्या मुलांना अशी कोणतीच अट नव्हती. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, पण तो अपमान त्या कधी विसरल्या नाहीत. म्हातारपणीही, रामन मोठे शास्त्रज्ञ होते पण या बाबतीत त्यांचे मन कोते होते, असे त्यांनी जाहीर सभेत स्पष्ट सांगितले. मला त्यांचे म्हणणे पटते. थोर माणसाची चूक थोर म्हणून बरोबर ठरत नाही.

बंगलोरला त्यांचे मार्गदर्शक होते एम. श्रीनिवासय्या. ते कडक शिस्तीचे, पण शिकवण्याची हौस असलेले शिक्षक. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. प्रथिने म्हणजे शरीराची बांधणी करणारे पदार्थ. गरिबाच्या ताटात मांस-मच्छी रोज नसते, डाळ असते. त्या डाळीत नेमके काय आहे, हे शोधणे हा त्या कामाचा हेतू. वर्ष संपले तेव्हा रामन यांना कमलाबाईंच्या कामाबद्दल शंका उरली नव्हती. त्यानंतर संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. १९३६ साली कमलाबाईंना एम.एस्सी. पदवी विशेष प्राविण्यासह मिळाली.

दुधातील प्रथिने असोत की डाळीतील, अभ्यासाच्या आधी एक काम करावेच लागते. मिसळलेल्या वस्तू वेगळ्या कराव्या लागतात. हे काम वरवर साधे वाटते, पण जीवरसायनशास्त्राची निम्मी कहाणी त्यातच आहे. कमलाबाईंच्या आयुष्यातील सर्वांत मोठा शोधही त्याच्याशी जोडलेला आहे. म्हणून ते नीट समजून घेऊ.

पावसाळ्यात कळंब्याच्या तलावातील गढूळ पाणी एका बादलीत भरून ठेवा. खडे लगेच तळाला जातील. वाळू थोड्या वेळाने बसेल. चिखल बसायला तास लागतील. आणि अगदी बारीक माती रात्रभर ठेवली तरी पाण्यात तरंगतच राहील. जो कण मोठा आणि जड, तो आधी खाली जातो. जो बारीक, तो मागे राहतो. पृथ्वीची ओढ सगळ्यांना सारखीच असते, पण बारीक कणांच्या बाबतीत ती पुरी पडत नाही.

मग ही ओढ वाढवता येईल का? येते. पाण्याने अर्धी भरलेली बादली हातात धरून जोरात गोल फिरवली, तर बादली उलटी झाली तरी पाणी सांडत नाही. ते बादलीच्या तळाशी दाबलेले राहते. फिरणारी वस्तू जणू मध्यापासून दूर पळू पाहते. मराठीत याला अपकेंद्री म्हणतात. केंद्र म्हणजे मध्य, आणि अप म्हणजे दूर. तुमच्या उर्दूतला शब्द मला अधिक गोड वाटतो : मरकज-गुरेज. मरकजापासून पळणारे. दोन्ही भाषांनी एकच गोष्ट एकाच रीतीने सांगितली आहे.

याच तत्त्वावर अपकेंद्री यंत्र चालते. आपल्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांत ते पाहायला मिळते. रस आटवून झालेल्या दाट पाकात साखरेचे दाणे आणि मळी एकत्र असतात. जाळीची भिंत असलेल्या पिंपात हा पाक घालून पिंप वेगाने फिरवतात. मळी जाळीतून बाहेर फेकली जाते आणि दाणे आत राहतात. दुधाच्या संघांतही असेच यंत्र असते, फक्त त्याला जाळी नसते. फिरवल्यावर जड असलेले दूध बाहेरच्या बाजूस जाते आणि हलकी साय मध्याकडे येते. गुस्ताफ द लावाल या स्वीडिश अभियंत्याने १८७८ च्या सुमारास दुधासाठी सतत चालणारे असे यंत्र तयार केले. रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेतही हेच यंत्र लहान आकारात असते. रक्ताची नळी काही मिनिटे फिरवली की तांबड्या पेशी तळाला बसतात. त्यांच्यावर पांढऱ्या पेशींचा एक पातळ थर दिसतो आणि सर्वांत वर पिवळसर द्रव राहतो.

आता कमलाबाईंकडे परत येऊ. एम.एस्सी. नंतर त्या इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती. जीवनसत्त्वांच्या कामासाठी हॉपकिन्स यांना १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला होता. त्यांच्या प्रयोगशाळेत स्त्रियांना मज्जाव नव्हता. तेथे कितीतरी स्त्रिया संशोधन करीत. बंगलोरला दाराशी बसावे लागलेल्या कमलाबाईंना येथे रीतसर जागा मिळाली. त्यांनी प्रथम डेरेक रिक्टर यांच्याबरोबर काम केले. पुढे ते दुसरीकडे गेल्यावर त्या रॉबर्ट हिल यांच्याकडे आल्या. हिल वनस्पतींवर काम करीत. त्याच सुमारास त्यांनी हिरवी पाने वाटून त्यांतील हरितलवके, म्हणजे पानाला हिरवा रंग देणारे बारीक कण, वेगळी काढली होती. उजेडात ठेवल्यावर ती पेशीबाहेरही प्राणवायू सोडतात, असे त्यांनी दाखवले. पेशी फोडून तिचा एक भाग बाहेर काढायचा आणि तो एकटा काय करतो ते पाहायचे, ही रीत कमलाबाईंनी तेथे जवळून पाहिली.

पेशी म्हणजे तुम्ही उर्दूत ज्याला खलिया म्हणता ती. प्रत्येक पेशी अन्नातून शक्ती मिळवते. त्यासाठी ती अन्नाचे ज्वलन करते, पण चुलीसारखे एकदम नाही, तर सावकाश, टप्प्याटप्प्याने. घराचा स्लॅब टाकताना मजूर रांगेत उभे राहून काँक्रीटची घमेली हातोहात पुढे देतात, तसे पेशीत इलेक्ट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण एका पदार्थाकडून दुसऱ्याकडे दिले जातात. शेवटच्या टोकाला प्राणवायू असतो. या रांगेत उभ्या असणाऱ्या काही रंगीत प्रथिनांना सायटोक्रोम म्हणतात. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली त्यांचे महत्त्व जगापुढे मांडले होते. त्या रांगेतील एक मजूर म्हणजे सायटोक्रोम सी.

प्राण्यांच्या ऊतींतील सायटोक्रोमवर तोवर बरेच काम झाले होते. वनस्पतींचे काय? बटाटा, कोंब, मूळ यांनाही श्वास घ्यावा लागतो. तेथेही हीच रांग असते का? कमलाबाईंनी बटाट्यापासून सुरुवात केली. बटाटा जमिनीखाली वाढतो. त्यात पानांसारखा हिरवा रंग नसतो. बटाट्याच्या आणि इतर वनस्पतींच्या ऊतींत सायटोक्रोम सी आहे, असे त्यांना आढळले. म्हणजे गवताचे पाते असो, पक्षी असो की माणूस, अन्नातून शक्ती काढण्याची तऱ्हा मुळात एकच. १९३९ साली हिल आणि कमला भागवत यांचे, सपुष्प वनस्पतींमधील सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकरासंबंधीचे टिपण नेचर या प्रसिद्ध विज्ञान साप्ताहिकात छापून आले. हे विकर त्याच रांगेतला, अगदी प्राणवायूजवळ उभा असलेला मजूर. त्याच वर्षी केंब्रिजने कमलाबाईंना पीएच.डी. दिली. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता आणि तो त्यांनी सुमारे चौदा महिन्यांत पुरा केला होता. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

निबंध लिहिताना पाने मोजणाऱ्या मुलांनी त्या चाळीस पानांकडे जरा लक्ष द्यावे.

पण एक प्रश्न तेव्हा सुटला नव्हता. सायटोक्रोम पेशीत असतो हे ठीक, पण पेशीच्या कोणत्या भागात? पेशी म्हणजे रिकामी पिशवी नव्हे. तिच्यात केंद्रक असते, तंतुकणिका असतात, वनस्पतीत हरितलवके असतात, आणखीही पुष्कळ लहान लहान भाग असतात. त्यांना अंगके म्हणतात. सूक्ष्मदर्शकातून त्यातले काही दिसत. पण कोण काय काम करतो ते नुसते पाहून कळत नाही. शाळेच्या खिडकीतून माणसे दिसली, तरी त्यांतले मुख्याध्यापक कोण आणि शिपाई कोण हे कसे समजणार? एकेकाला बाहेर बोलावून विचारावे लागते.

हे बोलावण्याचे काम अपकेंद्री यंत्राने केले. स्वीडनमधील थिओडोर स्वेडबर्ग यांनी १९२० नंतरच्या दशकात अतिशय वेगाने फिरणारे यंत्र तयार करून प्रथिनांचे रेणूसुद्धा तळाला बसवून दाखवले. अमेरिकेत न्यूयॉर्क येथे आल्बेर क्लोद हा बेल्जियमचा शास्त्रज्ञ काम करीत होता. लहानपणी आईचा कर्करोगाने मृत्यू झालेला, शाळेचे शिक्षण अर्धवट राहिलेले, पोटासाठी पोलाद कारखान्यात नोकरी केलेली. पहिल्या महायुद्धातील सेवेमुळे त्याला पुढे वैद्यकीय शिक्षणाची संधी मिळाली. कोंबड्यांना होणाऱ्या एका कर्करोगाचे कारण शोधताना तो त्यांच्या पेशी वाटून यंत्रात फिरवू लागला. कर्करोगाच्या शोधात निघालेल्या या माणसाच्या हाती पेशीचे भाग वेगळे करण्याची रीत लागली.

ती रीत आजही तीच आहे. प्राण्याचे यकृत किंवा वनस्पतीचे कोंब बर्फात थंड ठेवून हळूच वाटतात. थंड यासाठी, की पेशी फुटली की तिच्यातली काही विकरे बाकीच्या भागांना खाऊ लागतात. वाटताना साध्या पाण्याऐवजी साखरेचे पाणी वापरतात. एक लीटर द्रावणात सुमारे ८५ ग्रॅम साखर. साध्या पाण्यात अंगके पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात. साखरेच्या पाण्यात ती शाबूत राहतात. ही साखर म्हणजे उसाचीच साखर, आपल्या शेतातून निघते तीच.

मग नळी यंत्रात ठेवून पृथ्वीच्या ओढीच्या सुमारे हजारपट ओढ बसेल इतक्या वेगाने दहा मिनिटे फिरवतात. केंद्रके आणि न फुटलेल्या पेशी तळाला बसतात. वरचा द्रव दुसऱ्या नळीत ओतून सुमारे दहा हजारपट ओढीने फिरवला की तंतुकणिका बसतात. उरलेला द्रव सुमारे एक लाखपट ओढीने तासभर फिरवला, तर त्याहून बारीक कण खाली येतात. पानांच्या वाटणात हरितलवके तंतुकणिकांच्या आधीच, कमी वेगात बसतात. बादलीतले खडे, वाळू आणि चिखल आठवा, तोच न्याय. प्रत्येक वेळी तळाला बसलेला गोळा घेऊन विचारायचे, की तुझे काम काय?

पण एवढ्याने पूर्ण शुद्ध माल मिळतो असे नाही. नळीच्या तळाजवळ असलेला बारीक कण मोठ्या कणांबरोबर सहज खाली जातो. तंतुकणिकांच्या गोळ्यात दुसरी अंगकेही सापडतात. त्यांना वेगळे करण्यासाठी दुसरी एक युक्ती आहे. नळीत तळाला दाट साखरपाणी, त्यावर पातळ, त्याहून वर आणखी पातळ, असे थर भरतात. वर नमुना सोडून नळी बराच वेळ फिरवतात. ज्या थराची घनता कणाच्या घनतेइतकी असते, तेथे तो कण येऊन थांबतो. त्याखाली जात नाही. नळीत पट्टे दिसू लागतात. हे काम करताना समोरासमोरच्या नळ्यांचे वजन सारखे असावे लागते, नाहीतर यंत्र थरथरते आणि मोडू शकते. जुने प्रयोगशाळा सहायक नव्या मुलांना सर्वांत आधी हेच शिकवतात.

१९४६ साली क्लोद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृताचे असे गोळे तपासले. सायटोक्रोम ऑक्सिडेजचा मोठा वाटा त्यांना तंतुकणिकांच्या गोळ्यात मिळाला. घमेल्यांची ती रांग तंतुकणिकेतच उभी होती. १९५१ साली अमेरिकेत मुगाच्या कोंबांतून तंतुकणिका वेगळ्या काढण्यात आल्या आणि वनस्पतीतही हेच घडते हे दिसले. कमलाबाईंना बटाट्यात जे सापडले होते, त्याचे घर आता ठाऊक झाले. क्लोद यांना १९७४ साली ख्रिश्चन द दूव आणि जॉर्ज पॅलाडे यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

कमलाबाई मात्र १९३९ सालीच मायदेशी परतल्या होत्या. परदेशात राहिल्या असत्या तर मोठी प्रयोगशाळा मिळाली असती. त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचा विभाग सांभाळला. नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईत आल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी जीवरसायनशास्त्र शिकवले आणि अनेक विद्यार्थ्यांकडून संशोधन करून घेतले.

येथे त्या पुन्हा गरिबाच्या ताटाकडे वळल्या. कच्च्या कडधान्यांत पचनाला अडथळा आणणारी काही प्रथिने असतात. त्यांचा त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अभ्यास केला. ही प्रथिने शिजवल्यावर बरीचशी निकामी होतात. डाळ नीट शिजवून खा, असे घरातली मोठी माणसे सांगतात त्यामागे हेही एक कारण आहे. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचे परीक्षण केले. नीरा म्हणजे ताडासारख्या झाडांचा ताजा गोड रस. तो आंबला की ताडी होते. त्याआधीची नीरा नशा आणत नाही. कुपोषित मुलांना आणि गरोदर स्त्रियांना नीरा उपयोगी पडते, असे त्यांना दिसून आले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या गुणवत्तेबाबत सल्ला दिला. बंगलोरला ज्या दुधाच्या प्रथिनांपासून सुरुवात केली होती, तेच दूध आता रोज हजारो घरांत जाणारे होते.

विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांना मिळाले, पण बऱ्याच उशिरा. पात्रता असूनही त्यांना काही वर्षे ताटकळत ठेवले गेले. १९३३ नंतर इतका काळ लोटला होता, देश स्वतंत्र झाला होता, तरी स्त्रीला मोठ्या खुर्चीवर बसवताना हात आखडतच होता. खुर्चीवर बसल्यावर त्यांनी संस्था उत्तम चालवली.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. मुंबईत ग्राहकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेत त्या काम करू लागल्या. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्षा होत्या. संस्थेच्या मासिकातून खाण्यापिण्याच्या वस्तू, भेसळ आणि ग्राहकाची सुरक्षा यांवर त्यांनी साध्या भाषेत लेख लिहिले. केंब्रिजची पीएच.डी. मिळवलेली ही विदुषी आता बाजारात पिशवी घेऊन निघालेल्या गृहिणीसाठी लिहीत होती.

उतारवयात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांना दिल्लीला बोलावून त्यांचा सत्कार केला. तोवर देशातील पुष्कळ शास्त्रज्ञांना त्या कोण हे ठाऊकही नव्हते. १९९८ साली त्यांचे निधन झाले.